मावळची झाडपाल्याची वही

श्रावणात लोणावळ्याहून कार्ल्या-भाज्याकडे निघालात, की रस्त्याकडेच्या कुंपणांवर एक फूल नजर धरून ठेवते. पाकळ्या वर वळलेल्या, कडा नागमोडी, खाली पिवळा आणि टोकाला तांबडा रंग. ओल्या हिरव्या झुडपात कुणी चूड पेटवून ठेवली आहे असे वाटावे. संस्कृतात तिचे नाव अग्निशिखा. मराठीत तिला कळलावी म्हणतात, कुठे कुठे खड्यानाग. अडलेल्या बाळंतिणीच्या तळहाता-तळपायांना तिचा कंद उगाळून लावत, म्हणजे कळा येतात अशी समजूत होती, म्हणून ती कळा लावणारी. भांडणे लावून देणाऱ्या माणसालाही आपण कळलाव्याच म्हणतो. ती कळ हीच की वेगळी, यावर व्याकरणकारांनी खुशाल भांडावे.

या देखण्या वेलीचे मूळ, पान, बी, सगळेच विषारी आहे. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तो चुकून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. पण त्याच कंदात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते, आणि आज जगभरच्या दवाखान्यांत वातरक्तावर, म्हणजे डॉक्टर ज्याला गाऊट म्हणतात त्यावर, कोल्चिसीनच्या गोळ्या दिल्या जातात. रात्रीतून पायाचा अंगठा टम्म सुजतो, लाल होतो, अंगावरच्या चादरीचा स्पर्श सोसवत नाही, तो हा आजार. त्यावरचे औषध मावळच्या कुंपणावर फुलते आणि त्याच कुंपणावरचे ते विषही आहे. या दोन गोष्टींमधले अंतर माणसाने कसे कसे कापले, याबद्दल आज बोलायचे आहे.

आधी सुजेबद्दल थोडे. सूज हा स्वतंत्र रोग नव्हे, ते शरीराचे उत्तर आहे. काटा घुसला, जंतू शिरला, की त्या जागी रक्त धावते, पांढऱ्या पेशी गोळा होतात. काम झाले की त्यांनी परत जावे अशी अपेक्षा असते. त्या परत गेल्या नाहीत, किंवा शत्रू नसतानाच आपल्याच सांध्यावर चालून गेल्या, की संधिवात, आमवात, आतड्याचा दाह असे दीर्घ मुक्कामाचे आजार होतात. केल्सस नावाच्या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, ऊन लागणे आणि दुखणे. आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तीच चार पाठ करावी लागतात. आपल्याकडे सुश्रुताने व्रणशोथाच्या तीन अवस्था सांगितल्या: कच्ची, पिकू लागलेली आणि पिकलेली. कोणत्या अवस्थेत शस्त्र लावावे हे ज्याला कळत नाही त्याने शस्त्र हातात धरू नये, असा त्याचा रोख होता.

केल्सस रोमी लिहीत होता त्याच शतकाच्या आगेमागे आपल्या मावळात कार्ल्याचा चैत्य कोरला जात होता. त्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. वलूरक लेण्यांत पावसाळ्याच्या मुक्कामाला राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिल्याचे त्यात म्हटले आहे. वलूरक म्हणजे हे कार्ल्याचे डोंगरमाथ्यावरचे बिऱ्हाड. मावळचा पाऊस, कोरलेला थंडगार दगड, पाझरणाऱ्या भिंती आणि तिथे तीन महिने मांडी घालून बसणारी माणसे. सांधे कुरकुरल्याशिवाय राहतील का?

कार्ल्याचे लेख दानाचे आहेत, औषधांचे नाहीत. पण बौद्ध भिक्षूंना कोणती औषधे जवळ ठेवायला परवानगी होती, हे विनयपिटकातल्या महावग्गात तपशीलवार दिले आहे. मुळांत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, मोथा. फळांत वावडिंग, पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा. घरातल्या आजीचा बटवा उलटा केला तर यातले निम्मे तरी बाहेर पडेल. त्याच प्रकरणात पिलिंदवच्छ नावाच्या भिक्षूचे दुखणे येते. त्याला वात झाला तेव्हा औषधी तेलाची परवानगी मिळाली. अंगवात झाला तेव्हा पाला टाकून वाफ देण्याची, घाम काढण्याची मिळाली. आणि पब्बवात, म्हणजे पेऱ्यापेऱ्यांतला वात झाला, तेव्हा रक्त काढण्याची आणि शिंग लावण्याची. शिंग लावणे, तुंबडी लावणे हे प्रकार आपल्या खेड्यांत वैदूंनी परवापरवापर्यंत केले. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी तुंबडीवाला बसायचा आणि आम्ही पोरे त्याच्याभोवती घाबरत घाबरत उभे राहायचो.

त्या काळी लेण्यांच्या दात्यांत वैद्यही होते. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला मगिल नावाच्या राजवैद्याने दान दिल्याचा लेख आहे. आणि कार्ल्याच्या खांबांवर तर धेनुकाकटच्या यवनांची नावे कोरलेली आहेत. यवन म्हणजे मुळात आयोनियाचे ग्रीक. अरबांनी त्याच शब्दाचे यूनान केले, आणि ग्रीकांची जी वैद्यकी अरबी-फारसीतून पुढे आपल्याकडे आली तिचे नाव पडले युनानी. म्हणजे कार्ल्याच्या खांबावरचा यवन आणि पुण्याच्या पेठेतल्या हकिमाच्या पाटीवरचा युनानी हे दोघे एकाच शब्दाचे नातू. शब्दांच्या धंद्यात असल्यामुळे मला याचे जरा जास्तच कौतुक वाटते.

शब्दांचीच आणखी एक गंमत. गुडघा दुखला की मराठी माणूस म्हणतो, वात झाला. आमच्या दखनी बोलणाऱ्या घरात म्हणत, बादी भरली. बाद म्हणजे फारसीत वारा. महावग्गातही वातच आहे. तीन परंपरा, तीन भाषा आणि सांध्यात शिरलेला वारा मात्र एकच. यातला फरक बारकाईने पाहायचे काम माधवकराने केले. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या माधवनिदानात त्याने आमवात हा वेगळा रोग म्हणून मांडला. नीट न पचलेल्या अन्नाचा आम आणि वात एकत्र येऊन सांधे धरतात, ताप येतो, भूक जाते, हे त्याचे वर्णन. आजच्या वैद्यांना त्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस दिसतो. दोन्ही तंतोतंत एकच, असे म्हणायची घाई करू नये, पण सगळे सांधे एकाच कारणाने दुखत नाहीत एवढे त्याने ओळखले होते. युनानीतही वजउल-मफासिल म्हणजे सांधेदुखी वेगळी आणि निक्रिस म्हणजे गाऊट वेगळा. निक्रिसवर हकीम जे औषध देत त्याचे नाव सुरंजान. बाहेरदेशी होणारा हा कंद, आणि त्यातले औषधी द्रव्य म्हणजे पुन्हा कोल्चिसीनच.

आता हे सगळे एका कागदावर यायला माणसे लागतात. सोळाव्या शतकात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्याला आला आणि राहिला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण आणि स्नेही. मावळातला लोहगड तेव्हा निजामशाहीचाच. त्या दरबारातल्या हकिमांशी, गोव्यातल्या वैद्यांशी, बाजारातल्या व्यापाऱ्यांशी बोलून ओर्ताने वनस्पतींवरचे संवादरूप पुस्तक लिहिले, ते 1563 मध्ये गोव्यात छापले गेले. त्यात हळद आहे, हिरडे आहेत. कोणत्या वस्तूला कोण काय म्हणतो, ती येते कुठून, मोठमोठ्या ग्रंथांत लिहिले ते प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते का, हे तो विचारत बसतो. हा माणूस ज्यू वंशाचा. 1568 मध्ये तो वारला आणि 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर युरोपात लॅटिनमधून वाचले जात होते.

इंग्रजांच्या काळात हे काम मुंबईत विल्यम डायमॉक यांनी केले. सरकारी औषधभांडाराचे ते प्रमुख होते, आणि वॉर्डन व हूपर या दोघांबरोबर त्यांनी 1890 नंतरच्या काही वर्षांत हिंदुस्थानी औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ तीन खंडांत सिद्ध केला. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा वनौषधिगुणादर्श आणि डॉ. वामन गणेश देसाई यांचा औषधिसंग्रह हे ग्रंथ त्याच वाटेवरचे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत यांच्या फाटक्या प्रती अजून हाताला लागतात. त्यांतली भाषा वाचावी. विशेषणांची खैरात नाही. झाड कसे, पान कसे, कोणता भाग घ्यायचा, किती घ्यायचा आणि कुणाला द्यायचा नाही.

या 'किती'मध्येच सगळा जीव आहे. कोल्चिसीन सुरंजानाच्या कुळातल्या झाडापासून 1820 मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी वेगळे केले. आपल्या कळलावीतही तेच द्रव्य आहे, हे 1915 मध्ये सिद्ध झाले. आता त्याची गोळी साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची असते. मोहरीच्या एका दाण्याचाही लहानसा अंश. ते पांढऱ्या पेशींची सुजेच्या जागेकडे चाललेली धाव अडवते. पण मात्रा वाढली की शरीरातल्या इतर पेशींचे विभागणेही अडवते, आणि मग उलट्या, जुलाब, रक्तपेशी घटणे, मरण. कंदाकंदात प्रमाण बदलते, म्हणून उगाळून घेणाऱ्याला आपण औषध घेतले की विष हे आधी कळत नाही. गोळी घेणाऱ्याला निदान किती घेतले ते तरी माहीत असते. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हेच कोल्चिसीन अल्प मात्रेत हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी मंजूर केले, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही सूज असते हे दरम्यान लक्षात आले होते. निक्रिसवरचा हकिमाचा उपाय अशा रीतीने हृदयापर्यंत पोचला. तमिळनाडूने तर या वेलीला आपले राज्यफूल केले आहे आणि तिथे बियांसाठी तिची शेती होते. आपल्याकडे ती कुंपणावरच राहिली.

हळदीची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. मावळच्या मिसळणाच्या डब्यातली हळद बहुधा सांगलीच्या बाजारातून येते. हळदीचा पिवळा रंग ज्यामुळे आहे ते कर्क्युमिन 1815 मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी वेगळे काढले. पेल्तिए म्हणजे तोच, पाच वर्षांनी कोल्चिसीन काढणारा. पण कर्क्युमिन सूज कमी करते, याची प्रयोगशाळेतली नीट तपासणी व्हायला 1973 साल उजाडले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी ती प्राण्यांवर केली. 1980 मध्ये देवधर, सेठी आणि श्रीमल यांनी आमवाताच्या 18 रुग्णांवर दोन आठवड्यांची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. रोज 1200 मिलिग्रॅम कर्क्युमिन. सकाळचे आखडणे आणि सूज काहीशी कमी झाली.

मग आले 1995. मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना, दोघेही मूळचे भारतीय, हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचे अमेरिकन पेटंट मिळाले. इथल्या कोणत्याही आईला विचारले असते तर तिने सांगितले असते की बोट कापले की हळद दाबतात. पण पेटंट कार्यालय आईची साक्ष घेत नाही, कागद मागते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. त्यांच्या पुढाकाराने परिषदेने 1996 मध्ये आव्हान दिले. 32 संदर्भ गोळा केले. संस्कृतातले, हिंदीतले आणि उर्दूतले. त्यांत 1953 मध्ये भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झाले. पोथी आणि किताब, दोन्हींची साक्ष एका बाजूला उभी राहिली आणि लागू पडली. त्याच अनुभवातून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभे राहायला सुरुवात झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतले योग त्यात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांतून पेटंट तपासणाऱ्यांसमोर ठेवले गेले.

हा विजय खराच. पण तो कशाचा, हेही पाहिले पाहिजे. हळद आपली आहे, हे त्याने सिद्ध झाले. हळदीने अमुक आजार बरा होतो, हे नव्हे. हे दोन निकाल एकच समजून आपल्याकडे गेली पंचवीस-तीस वर्षे खूप दुकाने चालली. साधा हिशेब करा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. देवधरांच्या चाचणीतले 1200 मिलिग्रॅम रोज हवे असतील तर चाळीस ग्रॅम हळद खावी लागेल, चार-पाच मोठे चमचे. शिवाय ते पोटातून रक्तात फारसे जातच नाही. मिऱ्यातल्या पिपरीनबरोबर दिले तर माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण वीसपटीने वाढते, हे 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले. आपल्या गोड्या मसाल्यात हळद आणि मिरे शेजारी का बसतात याचे उत्तर यात शोधायला मला आवडेल, पण मसाला करणारीने ते चवीसाठी केले असण्याचा संभव जास्त. तेव्हा हळदीचे दूध घशाला बरे वाटते म्हणून जरूर प्या. सुजलेला गुडघा त्या पेल्यावर सोपवू नका.

परंपरेने सांगितलेले मोजून पाहायचे, ही गोष्ट लोणावळ्याला परकी नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये इथे कैवल्यधाम काढले, आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, हे त्यांनी दाबमापक लावून आणि क्ष-किरण चित्रे घेऊन पाहिले आणि आकडे छापले. योगावर त्यांची श्रद्धा पक्की होती, तरी त्यांनी मोजले. शंभर वर्षांपूर्वीच्या लोणावळ्यात, जिथे तोवर लोक हवा खायला येत, एक माणूस ब्रह्मचर्याश्रमासारख्या जागेत उपकरणे मांडून बसतो, याचे मोठेपण अजून आपल्या पुरते ध्यानात आलेले नाही.

त्याच वृत्तीचे काम पुढे पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाले. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये भिगवण गावात घरोघर जाऊन 4092 प्रौढांची पाहणी केली. 746 जणांना, म्हणजे शंभरात अठराजणांना, हाडा-सांध्याचे किंवा स्नायूंचे दुखणे होते. पाणी वाहणाऱ्या, भात लावणाऱ्या, ओणवे होऊन भांगलणाऱ्या माणसांची ही दुखणी कुठल्याच खात्याच्या वहीत नव्हती. मग पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन, वैद्य आणि आधुनिक डॉक्टर एकत्र आले. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ अशा द्रव्यांचे योग ठरवले आणि गुडघ्याच्या झिजेवर त्यांची चाचणी घेतली. 440 रुग्ण, चोवीस आठवडे, चार गट. दोन गटांना आयुर्वेदाचे योग, एकाला ग्लुकोसामाइन, एकाला सेलेकॉक्सिब ही आधुनिक वेदनाशामक गोळी. कोणाला काय दिले हे ना रुग्णाला माहीत ना तपासणाऱ्याला. 2013 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वेदना आणि हालचाल यांत आयुर्वेदाचे योग त्या गोळीच्या तोडीस तोड ठरले.

एवढ्यावर बातमी संपवता आली असती, आणि अनेकांनी संपवलीही. पण त्याच निबंधात पुढे लिहिले आहे की आयुर्वेदाचे योग घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढलेले आढळले. त्रास काही नव्हता, पण त्यांचे औषध थांबवले आणि ते प्रमाण पूर्ववत झाले. मला या निबंधात सर्वांत मोलाचे वाटते ते हे वाक्य. गौरवाच्या ओळीशेजारीच ते छापलेले आहे.

आठ वर्षांनी त्याची किंमत कळली. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघर उकळू लागला. मावळातल्या बांधांवरचे वेल ओरबाडून गेले. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण दिसले, सगळे गुळवेल घेणारे. 2021 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल, तुम्ही ओळख पटवली नाही, असा त्यांचा आक्षेप. 2022 मध्ये देशातल्या तेरा केंद्रांतून 43 रुग्णांची माहिती आली. त्यांतल्या अनेकांत शरीराची संरक्षक यंत्रणाच यकृतावर उलटल्याची चिन्हे होती. गुळवेल त्या यंत्रणेला चेव आणते, म्हणून तर लोक ती घेतात. जिची आधीच उलटायची प्रवृत्ती आहे तिला चेव आणला तर काय होणार? पण मंत्रालयाचा आक्षेपही पोकळ नव्हता. बाजारात पुडी घेणाऱ्याला वेल कोणती हे कसे कळावे? बांधावरून वेल तोडून देणारी ठाकर बाई ते पानावरून आणि खोडावरून सांगू शकते, पण पुडी तिच्यापर्यंत परत कधीच जात नाही.

या पुड्यांनी आमच्या घरातही एक वर्ष नासवले. माझी थोरली बहीण कामशेतला असते. आपाचे गुडघे आणि बोटांचे सांधे वर्षानुवर्षे सुजतात. एका फिरत्या विक्रेत्याकडून तिने 'झाडपाल्याची' पावडर घेतली आणि चार दिवसांत उठून चालू लागली. सगळ्या आळीत त्याचे नाव झाले. सहा महिन्यांनी तिचा चेहरा पुरीसारखा फुगला, साखर वाढली, दंडावर साधे टेकले तरी काळेनिळे डाग पडू लागले. डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्याकडे पाहूनच विचारले, "आपा, पुडी कुठली घेता?" पावडरीत स्टेरॉइड मिसळलेले असावे असा त्यांचा तर्क, आणि अशी भेसळ नवी नाही. आपा मात्र अडून बसली, "अहो, औषध नाही ते, मुळ्यापाल्यांचं आहे." एकदम थांबवले तर जिवावर बेतते म्हणून बाईंनी रीतसर गोळ्या सुरू करून, मात्रा उतरवत उतरवत दहा महिने लावले.

स्टेरॉइड हेही सुजेच्या इतिहासातले मोठे पान आहे, हे इथे सांगितले पाहिजे. 1948 मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती बाई चालू लागली. 1950 मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले. दुष्परिणामांची यादी त्यानंतर लांबत गेली. आपाचे चार दिवसांत उठणे हा त्याच चमत्काराचा भाग होता, फक्त त्यावर झाडपाल्याचे नाव चिकटवलेले होते. चोराने साधूचा वेष घेतला तर साधूचीही झडती घ्यावी लागते.

खाण्यापिण्याची बाजू जरा सोपी. अन्नातच औषधी गुण असलेले पदार्थ विकायचे आणि त्यांवर तसे छापायचे, ही व्यवस्था जपानने 1991 मध्ये कायद्याने बसवली. आपल्याकडे अशा खाद्यांचे नियम 2016 चे. लोणावळ्याच्या बाजारात आता चिक्कीशेजारी मध, जांभळाचा रस, कोकम, 'सांध्यांसाठी' अमुक तेल अशा बाटल्या ओळीने असतात. चिक्की बिचारी निदान कसलाच दावा करत नाही, शेंगदाणे आणि गूळ एवढेच सांगते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून इंद्रायणी तांदूळ दिला, तो मावळची आजची ओळख झाला. त्याच्या शेजारी ताटात नाचणीची भाकरी, पावसाळी रानभाजी, जवसाची चटणी असेल तर सुजेच्या माणसाला ते चांगलेच, असे आहारतज्ज्ञ सांगतात. त्यात वजन आटोक्यात राहणे हा मोठा भाग आहे, आणि गुडघ्याला त्याइतके मानवणारे दुसरे काही नाही.

शेवटी पुन्हा कागदाकडे येतो. हळदीचा खटला कागदाने जिंकला. महावग्ग लिहिला गेला म्हणून पिलिंदवच्छाचे गुडघे आज आपल्याला माहीत आहेत. पण मावळच्या डोंगरात कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांना जे ठाऊक आहे ते बहुतेक तोंडी आहे. कारवी कधी फुलणार, हिरडा कोणत्या अवस्थेत झोडायचा, कळलावीचा कंद आणि खायचा कंद यांत फरक काय. 2002 च्या जैवविविधता कायद्याने अशा ज्ञानाचा वापर करणाऱ्याने लाभाचा वाटा द्यावा असे ठरवले. 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथात लिहिलेल्या ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना आणि नोंदणीकृत वैद्य-हकिमांना त्यातून सूट दिली. म्हणजे जे पोथीत आहे त्याचे देणे कुणाचेच नाही, कारण पोथी सगळ्यांची. पण पोथीत ते आले कुठून? चरकानेच सांगून ठेवले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे गुराख्यांना, धनगरांना आणि रानात राहणाऱ्यांना माहीत असतात.

त्याच कायद्यात लोकजैवविविधता नोंदवही नावाची एक चीज आहे. गावोगावच्या समितीने ती करायची असते. झाडाचे स्थानिक नाव, ते कुठे सापडते, कोणत्या ऋतूत, कोणता भाग कशासाठी वापरतात, असे रकाने तिच्यात आखलेले असतात. काही गावांत ती नीट भरली गेली, काही गावांत एकाच बैठकीत शेजारच्या गावाची नक्कल उतरवून कपाटात गेली. तुमच्या ग्रामपंचायतीत ती मागून पाहा. कळलावीच्या ओळीसमोर विषारी असे लिहिले आहे का ते पाहा, आणि ज्यांना हे ठाऊक होते त्या जाणकारांची नावे लिहायची जागाही त्या वहीत असते, तीही पाहा.